जीपने मोजलेली सरळ रेषा

पोलादाचा कारखाना उभा राहत होता, आणि त्याच्या टेलिफोन खात्यात मी नवा, कच्चा नोकर. कायम झालो तर सेक्टर दोनमध्ये क्वार्टर. तोवर जवळच्या बोरसी गावातली भाड्याची एक खोली. बायको रोज दारातच विचारायची, "अवो, कायमचा कागद आला का?"

त्या वर्षी कारखाना आणि चुनखडीची खाण यांच्यामध्ये मायक्रोवेव्ह रेडिओ बसवायचं ठरलं. तार नाही, खांब नाहीत. इकडे एक टॉवर, तिकडे एक, दोन्हींवर परातीसारखी एकेक डिश, आणि मधल्या रिकाम्या हवेतून माणसाचा आवाज जाणार. मला ही सरळसरळ भुताटकी वाटायची. परवाना दिल्लीचा. अर्जात एक रकाना होता: दोन टॉवरांमधलं अंतर. तो भरायचं काम साहेबांनी माझ्यावर सोपवलं. साहेब रायपूरचे जुने मराठी, मोजकं बोलणारे.

मी काय करावं? जीपचं मीटर टिपलं आणि निघालो. नाल्यावर पूल नव्हता, म्हणून लांबचा वळसा. त्यात ड्रायव्हर भंडाऱ्याकडचा, आणि त्याची बहीण वाटेपासून जरा आत एका गावात दिलेली.

"चाला न बाबूजी, बहीण जेवल्याबिगर सोडत नाई."

"आपण अंतर मोजून राहिलो ना बे?"

"मंग मीटर काय बंद पडून राहिलं का?"

बरोबरच होतं त्याचं. भात, लाल भाजी, वर ताक. मीटर चालूच. खाणीवर पोचून आकडा वाचला, अर्जात उतरवला आणि खाली झोकात सही ठोकली.

साहेबांनी भिंतीवरच्या नकाशाला पट्टी लावली. मग माझ्याकडे पाहिलं. "रेडिओ तुमच्या जीपनं जाणार आहे का?"

मी जीपच्या मीटरचे टिपलेले आकडे पुढे केले.

"वाटेत जेवायलाही थांबणार?" ड्रायव्हर सगळं बकला होता.

घोटाळा असा की आम्ही मागितलेला लहरींचा पट्टा लांबच्या अंतरांसाठी राखलेला, आणि आमचं खरं, सरळ रेषेतलं अंतर त्याला तोकडं पडत होतं. मी अक्कल पाजळली, "साहेब, दिल्लीवाले थोडीच पट्टी घेऊन येतात? राहू द्या ना."

साहेब मला टॉवरवर घेऊन गेले. भर दुपार. त्यांनी खाणीवर एका माणसाला आरसा घेऊन उभं केलं होतं. आधी नुसती धूळ, शेतं, धूसर क्षितिज. आणि अचानक त्या धुरकटात एक ठिणगी पेटली! विझली. पुन्हा पेटली. मैलोगणती दूरच्या एका तळहाताएवढ्या काचेनं माझे डोळे दिपवले. मी कठडा घट्ट धरला.

"तो उजेड तुमच्यापाशी थांबला का?" साहेबांनी विचारलं. "तुम्हाला ओलांडून पुढेही गेला. रेडिओचंही तसंच. जवळच्यासाठी जास्त जोर लावला, तर आवाज खाण ओलांडून भलत्याच कोणाच्या कानात शिरेल. म्हणून अंतर कमी तर पॉवर कमी, आणि डिश मोठी, म्हणजे झोत बारीक राहतो. नियम दिल्लीसाठी नाहीये." मग उतरता उतरता म्हणाले, "नवा अर्ज तुम्हीच लिहा. पहिला आकडा कसा आला, तेही लिहा. एक प्रत तुमच्या फायलीत."

म्हणजे माझं कायम होणं त्या ताकात बुडालं. तरी लिहिलं, जेवणासकट.

परवाना आला, पण कमी पॉवरचा. किती कमी, तर टॉर्चच्या बल्बालाही ती पुरली नसती. चाचणीच्या दिवशी मी रिसीव्हर कानाला लावला तो कुत्सितपणेच. आधी खरखर. मग मागे खडीचा धडधडाट, कोणाचा तरी खोकला, आणि अगदी कानाशी, श्वासासकट, "काऊन जी, आयकू येऊन राहिलं का?"

एवढ्या विस्तीर्ण रानातून, इतक्याशा जोरावर, एक माणूस माझ्या कानात श्वास घेत होता. साहेबांनी शेवटी रिसीव्हर काढून घेतला. त्यांनीही तो बराच वेळ कानाला लावून ठेवला.

महिन्याभरानं फायलीवर शेरा आला: आणखी सहा महिने पाहावे.

बायकोला सगळं सांगितलं. आरसा, आवाज, श्वास, मग शेरा. ती म्हणाली, "त्या डायवरच्या बहिणीच्या घरी अजून एक डाव जेवले असते, तं वर्षभर पाहावे लिहिलं असतं." मग हळूच विचारलं, "श्वास खरंच आयकू आला?"