वजा

कंग्राळीच्या स्टॉपवर सकाळची उद्यमबागची बस थांबली, की पायरीवर पाय ठेवायच्या आधी जयाबाई कंडक्टरला विचारायची, "इवत्त तारीख एष्ट?" आज तारीख किती, एवढंच. तारीख तिला ठाऊक असायची, पण ती दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकल्याशिवाय दिवस मोजायचा नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं. कंडक्टर तिला 'तारीख आक्का' म्हणायचा. एकदा त्यानं गमतीनं दोन दिवस पुढची तारीख सांगितली. ती हसली नाही. "सरकारी माणूस हाईस," म्हणाली, "नीट सांग."

ती आमच्या समोरच्या घरात राहते. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत वाळूचे कोअर करते. लोखंड ओततात तेव्हा आत पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचे हे वाळूचे ठोकळे. काम झालं की ते फोडून काढून टाकतात. तिच्या हातांना सतत त्या वाळूचा आणि तेलाचा वास असतो.

मोजायचे होते ते दिवस तिच्या नवऱ्याचे, मष्णूचे. तो ट्रॅक्टर चालवायचा. मालक सांगेल तिथून ट्रॉली जोडून आणायची, एवढंच त्याचं काम. त्यातल्या दोन ट्रॉल्या चोरीच्या निघाल्या. एक कागलकडची, एक निपाणीजवळची. मालकानं हात वर केले. कागलच्या पोलिसांनी मष्णूला पकडून कोल्हापूरच्या कळंबा जेलमध्ये टाकलं. महिन्याभरानं निपाणीच्या कोर्टानंही त्याला तिथूनच आपल्या केसमध्ये धरलं. पुढे सात महिन्यांनी दोन्हीकडचा जामीन झाला. कागलची केस सुटली. निपाणीच्या केसमध्ये मात्र अठरा जुलैला दोन वर्षांची शिक्षा लागली आणि त्याच दिवशी त्याला बेळगावच्या हिंडलगा जेलात आणलं. आमच्या गावापासून हिंडलगा दोन-चार मैलांवर. जवळ असल्यामुळं ते अधिकच लांब वाटायचं.

निकालाआधी आत काढलेले दिवस शिक्षेतून कमी होतात, पण ते त्याच केसमधले असले तरच. निकालात कळंब्याचे दिवस कागलच्या केसचे धरले होते. निपाणीच्या कोर्टानं मष्णूला कुठल्या तारखेला धरलं, याची नोंद कळंब्याच्या रजिस्टरमध्ये होती. तिची नक्कल जोडून अर्ज दिला, की सात महिने कमी होणार होते. हे सगळं जयाबाईला परशरामनं समजावलं. परशराम मष्णूचा धाकटा भाऊ. बेळगावात एका वकिलांकडे कारकून. घरात कोर्टाचा कागद आला की तो परशरामच्याच हातात जायचा. जयाबाईला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही.

एका सोमवारी इस्त्रीचा शर्ट घालून तो नक्कल आणायला कोल्हापूरला गेला. संध्याकाळी जयाबाईनं त्याच्यासाठी भाकरी झाकून ठेवली होती. जेवून आलोय, म्हणाला. मग अर्ज गेला, तारखा पडल्या, आणि एक दिवस त्यानं दारातूनच सांगितलं, "वैनी, वजा झालं."

वजा झालं. सात महिने वजा. बोटांवर हिशेब करायला तिला वेळ लागला नाही. शिक्षा संपायच्या जुलैतून सात महिने मागं यायचं. सतरा डिसेंबर.

ते वर्ष तिनं हलक्या पावलांनी काढलं. मष्णूचा नवा शर्ट शिवून घेतला, पण अंदाजानं, एक बोट आत घेऊन, कारण भेटीला जाळीपलीकडून तो रोडावलेला दिसायचा. त्यालाही तिनंच सांगितलं, वजा झाल्यात. तो तिथल्या बराकीत सगळ्यांना सांगत सुटला.

सतरा डिसेंबरला ती शर्ट घेऊन फाटकाशी उभी राहिली. शिपायानं रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं आणि कन्नडमध्ये सांगितलं, जुलैत.

ती म्हणाली, नाही साहेब, वजा झाल्यात.

"हौदु," शिपाई म्हणाला. "वजा आगेद." होय, वजा झालंय.

मग सोडा की.

तो पुन्हा म्हणाला, वजा आगेद. तीही पुन्हा म्हणाली, वजा. दोघं एकच शब्द एकमेकांना सांगत राहिली आणि दोघांनाही समोरचं माणूस वेडं वाटू लागलं. शेवटी आतून एक वयस्कर हवालदार आला. त्यानं कागद पाहिला.

"आक्का," तो म्हणाला, "कोर्टाच्या कन्नडात वजा म्हंजे फेटाळलं. दिवस वजा न्हाईत झालेलं. अर्ज वजा झालाय."

ती तशीच कामावर गेली. अर्ध्या दिवसाची रजा मांडायला सुपरवायझरनं नकार दिला, तर वाद घातला नाही.

परशरामनं कोर्टाला दोष दिला. परत अर्ज टाकू म्हणाला, फेब्रुवारीत पूर्णिमाचं लग्न एकदा पार पडू दे. पूर्णिमा त्याची मुलगी. जयाबाईनं तिला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलेलं. भावजींचाही घोटाळा झाला असेल, असं ती मला म्हणाली. शब्दच तसा. कोर्टात वीस वर्षं काढलेला माणूस त्या शब्दावर घसरेल, हे मला पटत नव्हतं, आणि तिलाही पटलं नसावं.

हळदीच्या दिवशी मांडवात नवऱ्या मुलाची आत्या तिच्याशेजारी येऊन बसली. खानापूरकडची माणसं. आत्यानं कौतुकानं विचारलं, थोरल्या दादांना मस्कतहून रजा मिळाली नाही काय? जयाबाईनं विचारलं, कुठून? आत्या म्हणाली, मस्कतहून. बोलणी करायला आलते तवाच परशरामभाऊंनी सांगितलं की, थोरले तिकडं ड्रायव्हर हाईत, दोन वर्षं यायचे न्हाईत. त्या दिवशी आमच्यातच जेवले. सोमवार होता, माझा उपास, म्हणून ध्यानात ऱ्हायलं.

जयाबाईनं हातातली हळद मुलीला लावली. मांडवातून ती उठली नाही. अक्षता टाकून, पंगतीत वाढून, भांडी मोजून देऊन मगच घरी आली.

दोन दिवसांनी ती एकटी कोल्हापूरला गेली. कळंब्याच्या ऑफिसात तिनं नवऱ्याचं नाव आणि साल सांगितलं. कारकुनानं रीतसर अर्ज लिहून घेतला, रजिस्टर काढलं आणि जेवणाच्या सुट्टीच्या आत शिक्क्यानिशी नक्कल तिच्या हातात ठेवली. यासाठी आधी कुणी आलं होतं का, तिनं विचारलं. कारकुनानं आवक वही चाळून मान हलवली. कुणीच नाही.

परशरामनं वर्षभरापूर्वी अर्ज टाकला होता तो नुसता. पुराव्याचा कागद नाही म्हणून तो फेटाळला गेला होता.

नवा अर्ज मोफत कायदा सेवेतल्या अदिती वकीलबाईंनी लिहिला. पंचवीस मार्चला हुकूम झाला. सात महिने धरले गेले आणि मष्णू त्याच संध्याकाळी बाहेर आला. वकीलबाईंनी सांगितलं, सुटका सतरा डिसेंबरलाच व्हायला हवी होती. म्हणजे अठ्ठ्याण्णव दिवस तो उगीचच आत होता. हे दिवस आता कशातून वजा करायचे, असं जयाबाईनं त्यांना विचारलं.

शर्ट एक बोट आत घेऊनही सैल झाला.

आठवड्यानं परशराम भेटायला आला. मष्णू झोपला होता. आता तो दिवसाही झोपतो. परशराम खुर्चीच्या काठावर बसला. जयाबाईनं चहा ठेवला. काहीच विचारलं नाही, आणि बहुतेक तेच त्याला सोसवलं नाही.

"मी खोटं न्हाय बोललो, वैनी," तो म्हणाला. "वजा झालं म्हणालतो. वजाच झालतं."

जयाबाई चुलीपुढं पाठमोरी होती. काय म्हणते याची वाट बघत त्यानं चहा संपवला. पूर्णिमाच्या सासरचं काही बोलला. तिच्या सासरच्यांना अजून मस्कतच ठाऊक आहे, तेवढं सांभाळून घ्या, असंही म्हणाला. मग कपबशी मोरीजवळ ठेवून उठला.

त्यानंतर ती त्याच्याशी एक शब्दही बोललेली नाही. लग्नात, मयतात, समोरासमोर आला तरी नाही. त्या दिवशी तो उंबऱ्याबाहेर पडला तेव्हा, मान न वळवता, नेहमीच्याच आवाजात ती म्हणाली होती,

"भावजी, दार ओढून घ्या. मांजर आत येतंया."