‘तुला भूक लागली का?’

आज सोलापुरात स्वमग्न मुलांच्या शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी प्रशिक्षण होतं. भाच्यासाठी मीही गेले होते.

प्रशिक्षक ताई म्हणाल्या, “काही मुलं आपण त्यांना विचारलेलं वाक्यच जसंच्या तसं परत बोलतात. मूल ‘तुला पाणी हवं का?’ असं विचारतं, तेव्हा कदाचित त्यालाच तहान लागलेली असते.”

शेजारी बसलेल्या टेंभुर्णीच्या बाईंचा चेहरा उतरला. “माझी लेक रोज विचारती, ‘तुला भूक लागली का?’ मी म्हणते, ‘न्हाय गं, माझं झालं.’ आमाला वाटायचं, लई माया हाय पोरीला.”

त्यांनी तिथूनच सासूबाईंना फोन लावला. “आत्या, आजबी तेच विचारतीया का? मग आधी ताट वाढा तिला.”

तुमच्या घरातलं मूल रोज काय विचारतं?