दाढेत भरलेली काच

दिवाळी सरली की आमच्या शाळेचे बाक रिकामे होऊ लागतात. पाथर्डी तालुक्यातल्या या गावातली बरीच घरं ऊसतोडीला जातात आणि मुलं आईबापांबरोबर निघतात. मी इथे प्राथमिक शाळेत शिकवते. काही वर्षांपूर्वी टोळ्या निघायच्या आठवड्यात केडगावची एक दातांची डॉक्टर आमच्याकडे आली. एका लग्नात आमची ओळख झाली होती. आमच्या मुलांचे दात एकदा बघाल का, असं मी बोलता बोलता विचारलं होतं. ती खरंच येईल असं मला वाटलं नव्हतं.

वीज गेलेली होती. तिने खिडकीजवळ दोन बाक जोडले, उशाला स्वतःची ओढणी घडी करून ठेवली आणि तिसरीतल्या एका मुलीला झोपवलं. ही मुलगी कित्येक दिवस एका गालानेच जेवत होती. तिचे आईवडील निघायच्या गडबडीतून आले होते.

"बाई, दाढ काढूनच टाकाया सांगा," वडील मला म्हणाले. "परवा गाडी हाय. तिकडं फडात दुखाया लागली तर कुठं पळायचं? दुधाची हाय, पुन्हा यील."

डॉक्टरने त्यांना जवळ बोलावून पोरीच्या तोंडात बघायला लावलं. ही दाढ दुधाच्या दाढांच्या मागे सहाव्या वर्षी येते आणि ती पक्की असते, काढली तर पुन्हा येत नाही, असं तिने समजावलं. मग मुलीला विचारलं, की रात्री झोपेतून उठवण्याइतकी दुखते का? मुलगी नाही म्हणाली. गोड खाल्लं किंवा गार पाणी प्यायलं तरच कळ येत होती. "मग वाचेल," डॉक्टर म्हणाली.

मशीन नव्हतंच. चमच्यासारख्या बारीक हत्याराने तिने कीड लागलेला मऊ भाग हलक्या हाताने खरवडून काढला. मुलगी माझा हात धरून होती, पण रडली नाही. मग डॉक्टरने पांढरी भुकटी आणि एक पातळ औषध कालवलं, दाढेत भरलं आणि बोटाला व्हॅसलिन लावून दाबून धरलं. ही भुकटी एका खास काचेची आहे, तिच्यातून फ्लोराइड थोडं थोडं बाहेर येतं आणि दाढेला कणखर करतं, असं ती सांगत होती.

तेवढ्यात आई पहिल्यांदा बोलली. "आमच्या माहेरच्या बोअरच्या पाण्यात त्येच हाय म्हनत्यात. त्यानं माजे दात असे पिवळे झाले. आन तुमी पोरीच्या दाढंत त्येच भरताय?"

मला वाटलं, डॉक्टर दुखावेल. तिने मात्र दाढेवरचं बोट न काढता मान वळवली आणि त्या बाईचे दात नीट बघितले. "प्रश्न बरोबर आहे, ताई. दात तयार होण्याच्या वयात ते पाणी रोज पोटात गेलं, म्हणून डाग पडले. हे अगदी थोडं आहे आणि लागेल तिथेच राहतं." आईने थोडा विचार केला आणि मग बाकीच्या दाढांचंही बघा म्हणाली. त्या अजून चांगल्या होत्या. त्यांच्या वरच्या खाचांत अन्न अडकू नये म्हणून डॉक्टरने तेच मिश्रण तिथे पातळ बसवलं.

"ऊस खाल्ल्यावर टिकंल का?" वडिलांनी विचारलं.

"खात्री देत नाही. तुम्ही कुठे असाल ते सांगा, मी बघायला येते."

अशी वाक्यं माणसं बोलतात आणि विसरतात. पण थंडीत एका रविवारी तिचा मला फोन आला, आणि आम्ही तिच्या गाडीतून वडिलांनी सांगितलेल्या ठिकाणी, कोल्हारला गेलो. प्रवरेच्या बाजूला उसाच्या रानाकडेला तोडकऱ्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या होत्या. ती मुलगी कोपीपुढे धाकट्या भावाला खेळवत होती. आम्हाला बघून तिने आधी तोंडच उघडून दाखवलं.

भरलेल्याचा एक कोपरा उडाला होता. एका दाढेच्या खाचांतलं मिश्रणही निघालेलं दिसत होतं. "माझं काम इथे टिकलं नाही," डॉक्टर सरळ म्हणाली. मग उडालेल्या कोपऱ्याखालचा दाढेचा भाग हत्याराच्या टोकाने चाचपला. तो टणक लागला. कीड पुढे सरकली नव्हती आणि कळही थांबली होती. डॉक्टर इतकी खूश झाली, की मलाही तो कोपरा बघायला लावला. तिने सामान आणलंच होतं. पोरीला ऊस वाहायच्या टायरगाडीवर झोपवून तिने तो कोपरा आणि त्या खाचा पुन्हा भरल्या. उसाच्या पात्यांनी ओरखडलेल्या हातांत मोबाईलची बॅटरी धरून वडील तिच्या तोंडात उजेड पाडत उभे होते.

काम झाल्यावर ते गाडीवर स्वतःच टेकले. "माजी बी बगता का? लई दिसांची दुखती." त्यांच्यामागे शेजारच्या कोप्यांतल्या बाया पोरांना घेऊन आल्या. ऊन कलेपर्यंत डॉक्टर वाकून होती. जेवायला उठली तेव्हा तिला पाठ सरळ करता येईना. मुलीच्या आईने तिला बाजरीची भाकरी आणि ठेचा वाढला, आणि ती जमिनीवरच बसून जेवली.

ती मुलगी आता तालुक्याला हायस्कुलात शिकते. नंतर डॉक्टरने केडगावच्या आपल्या दवाखान्यात त्या दाढेत जास्त टिकाऊ भरण केलं. दाढ अजून तिच्या तोंडात आहे. डॉक्टर दर हंगामात कोप्यांवर जाते. शाळेला सुट्टी असली की मीही जाते आणि भुकटी कालवून देते. तिच्याइतकी एकसारखी मला अजून कालवता येत नाही.