कमानीच्या पाट्याचं खुरपं

नोकरीत असताना मी धारूरच्या रस्त्यांखाली गाडले गेलेले पाण्याचे व्हॉल्व शोधायचो. डांबराचा एक थर चढला की व्हॉल्व गायब व्हायचा, दुसरा चढला की तो कुठं होता हे सांगणारा माणूसही बदलून गेलेला असायचा. त्या कामानं जमिनीखालचं धुंडाळायची खोड लागली. म्हणून निवृत्त झाल्यावर मी स्वतःचा एक मेटल डिटेक्टर घेतला. शेतात पडलेलं जोडवं, मोटारसायकलची किल्ली, नांगराचा तुटलेला फाळ असलं काहीबाही लोकांना काढून द्यायचो.

लोकांच्या डोक्यात मात्र मशीन म्हटलं की एकच गोष्ट यायची, गुप्तधन. चांगले शिकलेले, पगारदार लोक संध्याकाळी दारात येऊन कुजबुजायचे, "किल्ल्याकडं चलता का? एक जागा हाय, लई जागृत." किल्ल्यावर खणणं गुन्हा आहे असं सांगितलं की डोळा मारायचे. खिशात लिंबू असायचंच. या लोकांना मी चहासुद्धा विचारत नसे.

मशीन नुसतं ओरडतं. खाली काय आहे ते हातानं खणून बघावं लागतं, आणि खणायला काय घ्यायचं यातच माझे सुरुवातीचे महिने नासले. बीडच्या नर्सरीतून हिरव्या मुठीचं एक छोटं फावडं आणलं. दुकानदार म्हणाला, "आयुष्यभर जातं." कुणाच्या आयुष्यभर, ते त्यानं सांगितलं नाही. बालाघाटाच्या मुरमात पहिल्या दाबालाच ते चमच्यासारखं वाकलं. मग घरचं खुरपं घेतलं. निंदायला ते उत्तम, पण खुरपं ओढायचं असतं. खाली रोवून माती उचकटायला गेलो की लाकडी मुठीतून पातं निसटून हातात नुसती मूठ राहायची. पहारीनं खणलं तर वस्तू सापडायची, पण चेपलेली.

तेव्हा एवढं कळलं की असलं अवजार पात्यात कमी आणि जोडात जास्त मोडतं. ज्याला जोडच नाही असं काहीतरी हवं होतं.

माझा एक शाळासोबती घाटाच्या रस्त्यावर ट्रक दुरुस्त करतो. त्याच्याकडं ट्रकच्या कमानीचे, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगचे, तुटके पाटे ढिगानं पडलेले असतात. त्यातला एक उचलून मी म्हणालो, "याचं एक खणायचं करून दे. पातं आन् मूठ एकाच तुकड्याची."

"कावून पायजे बे तुला?"

"खणायला."

"सोनं घावलं का?"

"किल्ल्या घावतात."

"किल्लीसाठी पाटा कापू? येडा हाईस का?"

शिव्या देत त्यानं कापला. पहिलं अवजार इतकं जड झालं की त्यानं कुणाचं तरी डोकं फोडता आलं असतं. "मोडणार तर न्हाई ना!" तो म्हणाला. ते हलकं करायला ग्राइंडर धरला तर पोलाद तापून निळं पडलं, मऊ झालं, आणि मुरमात धार दुमडली. दोष माझा की त्याचा यावर आम्ही मनसोक्त भांडलो. पुढचं मात्र पाणी मारत मारत, धीरानं घासलं. दोन बोटं रुंद, टोकाला निमुळतं, एका कडेला मुळं कापायला दाते, मुठीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी. दिसायला अगदी भिकार. खुरपं ते नव्हतंच, पण घरात सगळे त्याला खुरपंच म्हणायला लागले.

माझे साडू दिंद्रुडकडचे. त्यांची जमीन बरीच, आणि पुढारीपण जमिनीहून मोठं. कपड्यांची इस्त्री मोडेल म्हणून हा माणूस स्वतःच्या शेतात खाली बसत नाही. एका दिवाळीनंतर माझ्या मेव्हणीचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, फोन आला. ती रडत होती.

"दाजी, मशीन घेऊन या. माझी पाटली गेली. आन् हे त्या बाईला चोर म्हनायलेत."

कापूस वेचायला आलेल्या बायकांसोबत ती शेतात गेली होती. गाठोडी बांधताना सैल झालेली पाटली हातातून गळाली, आणि ते घरी आल्यावर लक्षात आलं. त्या वेळी तिच्या शेजारी एक बाई काम करत होती. तिचा नवरा ऊसतोडीला गेलेला, गुडघे धरल्यामुळं ती मागं राहिलेली. साडूंनी तपास वगैरे काही केला नाही. चार माणसांत त्यांनी तिची पिशवी उलटी करायला लावली. त्यात भाकरीचं फडकं निघालं. तरी म्हणाले, "उद्यापर्यंत आणून दे, न्हाईतर ठाणं हायच."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचलो तेव्हा बांधावर जत्राच होती. साडूंचे चेले मोबाइल काढून उभे. ती बाई बाजूला एकटी उभी होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं, ती आपणहून आली होती.

साडूंच्या हातात एक चकचकीत वस्तू होती. ऑनलाइन मागवलेलं, घडी होणारं फावडं. मुठीत होकायंत्र, एका बाजूला करवत, आत चाकू. "मिलिटरीचं हाय, पाव्हणं," ते म्हणाले. माझ्या पिशवीतलं खुरपं बघून त्यांनी चेल्यांकडं पाहिलं, आणि चेले लगेच हसले. त्यांना तेवढ्यासाठीच पाळलेलं असावं. आपल्याच शेतात होकायंत्र लागणाऱ्या माणसाला काय उत्तर द्यायचं? मी मशीन चालू केलं.

काळ्या जमिनीला तोवर भेगा पडल्या होत्या, हात जाईल एवढ्या. गाठोडी जिथं बांधली होती तिथून मी हळूहळू सरकत गेलो. एका भेगेवर मशीन ओरडलं, स्वच्छ आणि ठाम. वीतभर खाली काहीतरी होतं, पण तिथं भेग चिंचोळी होऊन मातीनं बुजली होती.

"सरका," साडू म्हणाले. मोबाइल पुढं झाले. इतक्या वर्षांत ते प्रथमच आपल्या मातीत गुडघ्यावर बसले, तेही फोटोसाठी. फावडं रोवलं आणि सगळा भार टाकला. वाळलेल्या काळ्या मातीचं ढेकूळ दगडालाही हार जात नाही. कट्ट करून बिजागरी गेली. पातं भेगेत उभं राहिलं, आणि होकायंत्रासकट मूठ त्यांच्या हातात.

कुणी हसलं नाही. हसायचं की नाही हे चेल्यांना सांगणारा माणूसच तोंड पाडून बसला होता.

"जेसीबी बोलवा रे," ते उठत म्हणाले. त्यांच्याकडं प्रत्येक अडचणीवर एवढा एकच उपाय असतो.

"पाटलीचा पत्रा करायचाय का?" मी विचारलं, आणि खाली बसलो. भेगेपासून थोडं लांब खुरपं उभं ठोकलं, गोल फिरवत कापत गेलो. कापसाच्या पऱ्हाटीची मुळं दात्यांनी तुटत होती. मग मुठीवर भार देऊन अख्खा गड्डा उचकटला. पातं जरासं लवलं आणि परत सरळ झालं. गड्डा फोडला. मातीनं माखलेली पाटली आतच होती, आडवी, भेगेच्या तळाशी जाऊन अडकलेली.

मेव्हणीनं ती पदरानं पुसली आणि पदराच्याच गाठीत बांधली. साडू टाळ्या वाजवून म्हणाले, "सापडली ना? झालं तर मग! चला, लागा कामाला. लई उशीर झाला."

ती बाई पुढं आली. "मालक, काल चार माणसांत बोलल्ते तुमी. आज बी चार माणसं हायती. आता बोला."

"काय बोलू? घावली न्हवं?"

"घावली ते समद्यांनी बघितलं. हिनं चोरली न्हवती म्हना."

साडूंनी मोबाइल काढून कानाला लावला. कुणाचा फोन आला नव्हता. सगळे बघत होते तरी ते हॅलो हॅलो करत गाडीकडं चालू लागले. मी नोकरीत बरेच लबाड साहेब पाहिलेत, पण इतका भित्रा माणूस पाहिला नव्हता.

तिनं कमरेला खोचलेली कापसाची झोळी सोडली, घडी करून बांधावर ठेवली आणि लंगडत निघाली. बाकीच्या बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. मग एकेक झोळी सुटत गेली. कापूस फुटून पांढराफेक झालेला, आणि रानात वेचणारं कुणी नाही.

मीही जेवायला थांबलो नाही. साडूंनी नंतर शेजारच्या गावाहून मजूर आणले, आणि लग्नाकार्यात भेटतील त्याला सांगत सुटले की हल्ली बायका फार माजल्यात.

मेव्हणी मात्र कुणाला न सांगता त्या बाईच्या घरी गेली. तिनं स्वतःच मला फोनवर सांगितलं. "दाजी, तिनं बसायला घोंगडी टाकली, च्या केला. मी हात जोडले तर म्हनली, तुमी कावून जोडता? ज्यानं जोडाया पायजेत त्यानं जोडावेत."

"मग येते का ती शेतात?"

"न्हाई," मेव्हणी म्हणाली. "आन् मी बी तिला ये म्हनलं न्हाई."