डाव्या चाकाची पिन

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगायला बसलो की तोंडात भलतंच येतं — पाऊसपाणी, केळीवरचा करपा, काहीही. आजही तसंच होईल कदाचित, पण तुम्ही ऐकून घ्या.

आमचं गाव लोणखेड्याच्या पुढे, तापीकडे. बापूंनी — म्हणजे माझ्या वडिलांनी — तीस वर्षं बस चालवली. एकदाही कुणाला साधा ओरखडा नाही. गावात त्यांना आडनावाने कुणी ओळखत नसे, सगळे 'ड्रायव्हर बापू' म्हणत. रिटायर झाल्यावर त्यांनी एक जुनी छोटी गाडी घेतली आणि तिच्या चाकांना कधी गॅरेजवाल्याचा हात लागू दिला नाही. ज्याला चालवायची त्यानेच चाक उघडायचं, हा त्यांचा हट्ट. मला त्यांनीच शिकवलं. म्हणजे मला येत नव्हतं, असं म्हणायचीही सोय नाही.

नऊ वर्षांपूर्वीची आखाजी. आमच्याकडे अक्षय तृतीयेला लेकी माहेरी येतात आणि त्यांना आणायला भावाने जायचं असतं, मुऱ्हाळी म्हणून. मंगल, माझी धाकटी बहीण, तळोद्याला दिलेली. मीच जाणार होतो. आदल्या दिवशी बापू म्हणाले, "मांगलं डावं चाक घुमी ऱ्हायनं रे. बेअरिंग गयं." त्यांचे गुडघे धरलेले, खाली बसवत नव्हतं. मी म्हटलं, मी करतो.

शहाद्याहून बेअरिंग आणलं. अंगणात जॅक लावला, मागचं डावं चाक काढलं, ड्रम उतरवला, जुनं बेअरिंग ठोकून बाहेर काढलं. नवं नीट बसवलं, ग्रीस भरलं, नट आवळला. इथवर सगळं चोख — पण हे का सांगतोय मी तुम्हाला? चोख होतं म्हणून काय झालं? तो नट सुटू नये म्हणून त्यातून एक पिन आरपार घालतात. बोटाएवढी, साधी. जुनी काढतानाच मोडली होती आणि नवी आणायला मी विसरलो होतो.

शहादा असं कितीसं लांब? जाऊन-येऊन अर्धा-पाऊण तास. पण आखाजीचे पत्ते — त्या चार दिवसांत आमच्याकडे पत्त्यांवरून कुणी कुणाला रागवत नाही, म्हातारेसुद्धा पारावर येऊन बसतात — डाव मांडला गेला होता आणि मला दोनदा हाका आल्या होत्या. मी कुंपणाच्या तारेचा तुकडा तोडला, पिनेच्या जागी घातला, पिळला आणि वरून टोपी ठोकून बसवली. टोपी बसली की आत काय आहे ते दिसत नाही. उद्या निघायच्या आधी पिन आणू, असं मनाशी म्हटलं.

बापू दारातून बघत होते. त्यांनी विचारलं, "पिन नवी टाकी ना?"

"हां," मी म्हटलं.

एवढंच. दुसऱ्या कुणी काम केलं असतं तर त्यांनी टोपी काढायला लावून पाहिलं असतं. काम मी केलं होतं, म्हणून नाही पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी पारावरून उठलोच नाही. 'हा डाव झाला की निघतो,' असा निरोप तीनदा घरी पाठवला. शेवटी दुपारी बापू स्वतःच गेले, लेक वाट पाहत असेल म्हणून. गाडी सुरू झाल्याचा आवाज मी बसल्या जागी ऐकला. तार आठवली का? — आठवली. हातात पानं चांगली आली होती.

येताना गाडी नाल्यावरच्या मोरीच्या कठड्यावर आदळली. बापूंना नुसतं खरचटलं. मंगलचा डावा हात कोपरात चिरडला, तो आजही सरळ होत नाही. ती ब्लाऊज शिवायची, चांगलं नाव होतं तिचं तळोद्यात. नंतर मशीन तिने जावेला देऊन टाकलं.

मी पोचलो तोवर लोकांनी दोघांना जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं होतं. डावं चाक लांब पडलेलं. आसाच्या भोकात तुटलेल्या तारेचं टोक अडकून राहिलं होतं. मी सगळ्यात आधी काय केलं असेल? — ते नखांनी ओढून काढलं आणि चारीत फेकलं. मग बहिणीकडे गेलो.

बापू म्हणत होते, गाडी आपोआप डावीकडे ओढली गेली. मी म्हटलं, चाक आदळल्यावर निघालं, बापू. उन्हाची डुलकी लागली असेल तुम्हाला, वय झालं आता. ते म्हणाले, "माले डुलकी लागनी व्हती का रे?" मी मान डोलावली. आणि त्यांनी ते मानलं. मी सांगितलेलं खरं मानायची सवयच होती त्यांना.

नातेवाईक म्हणाले, चावी काढून घ्या त्यांच्याकडून. घेतली कुणी? मीच. त्यांनी खिशातून काढून लगेच दिली. त्यानंतर सात वर्षं जगले, पण गाडीत पुढे कधी बसले नाहीत. हळूहळू लोक नुसतं 'बापू' म्हणायला लागले. दर आखाजीला मंगल आली की तिचा तो वाकडा हात हातात घेऊन बसायचे आणि म्हणायचे, "मन्हा डोया लागी गया व माय." मी तिथेच असायचो, चहा पीत. कितीदा तरी सांगायला तोंड उघडलं आणि साखर मागितली.

दोन वर्षांपूर्वी बापू गेले. तेच मनात घेऊन गेले. आता सांगून काय उपयोग, असं वाटतं — आणि उपयोग होता तेव्हा का नाही सांगितलं? घाबरलो. दुसरं काही नाही.

आता मुऱ्हाळी म्हणून मी चुकत नाही. यंदाही गेलो. मंगल पुढे बसली, उजव्या हाताने आडवा ओढून तिने पट्टा लावला. ती मोरी आली तशी म्हणाली, "बापूनी चावी तू काढी लिधी, ते बरं करं भाऊ. नही ते आखो कोनले तरी लागतं."

"हां," मी म्हटलं, आणि गाडी चालवत राहिलो.