हाताने फिरवलेली टाकी

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. घरात पिशव्या साठतात तसे साठतात, आणि टाकून द्यायला हात होत नाही.

आमची कंपनी अंबडला. गाई-म्हशींच्या लाळ्या-खुरकूतची लस करायची. मी दुसरी शिकलेला हेल्पर, सगळे मामा म्हणायचे. पहिल्या दिवशी आमच्या विभागाच्या प्रमुख शेवाळे मॅडम म्हणाल्या, इथे आपण जनावराच्या पेशी वाढवतो. मी विचारलं, "बांधता कुठे?"

मॅडम हसल्या नाहीत. टाकीच्या काचेतून लालसर पाणी दाखवलं. एका परदेशी उंदराच्या मूत्रपिंडातल्या पेशी त्यात वाढतात. त्यांच्यात रोगाचा विषाणू वाढवायचा, मग तो मारायचा, की त्याची लस. घरी हे सांगितलं, तर बायकोने महिनाभर मला बाहेरच्या नळावर आंघोळ करायला लावली.

*

आमचा ऑपरेटर बोरस्ते. त्या खोलीत तोंडाला पावडर लावूनसुद्धा जायची बंदी, आणि याने दसऱ्याला आत टाकीची पूजा केली! दोन दिवसांत पाणी पिवळं पडलं. पिवळं म्हणजे जंतू शिरले, सगळा माल वाया. मॅडमनी त्याला उभा केला, तर म्हणतो कसा, "हळद नव्हती हो लावली मॅडम, नुसतं कुंकू होतं."

*

पुढचाही माल गळक्या व्हॉल्व्हने गेला. मालकांनी सांगून टाकलं, तिसरा गेला तर विभाग बंद. म्हणजे आम्ही सात जण घरी.

तिसऱ्या मालाला भर दुपारी वीज गेली आणि जनरेटर धरेना. टाकीतला पंखा थांबला. पाणी हललं नाही तर पेशी तळाला बसून मरतात. बोरस्तेने मेन स्विच पाडला, वरच्या मोटारीची जाळी काढली आणि हातानेच ती गरागरा फिरवायला लागला.

"पेशी फुटतील, उतरा खाली," मॅडम म्हणाल्या. "मामा, तुम्ही चढा."

सावकाशपणाबद्दल जन्मभर बोलणी खाल्लेला मी, दोन तास फिरवत राहिलो. वीज आली. मॅडमनी थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, बराच वेळ बघितलं.

"जिवंत आहेत, मामा," म्हणाल्या, आणि तिथेच फरशीवर बसल्या. आम्हीही बसलो.

त्या दोन तासांचा रकाना रजिस्टरात कोरा ठेवता येईना. 'कोणत्या यंत्रावर' याच्यापुढे मॅडमनी लिहिलं, 'मामा'.

लस पास झाली. पुढे तपासणीला आलेले साहेब त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हे मामा कुठल्या कंपनीचं?"

मॅडम म्हणाल्या, "जुनं मॉडेल आहे, साहेब. आता निघत नाही."