बादली तपासणारे आमचे मामा

मंडळी, आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

आमचे मामा शिवाजी पेठेत राहतात. पिशवीच्या दुधाला हात लावत नाहीत. रोज संध्याकाळी गवळी म्हशी घेऊन येतात त्या दुधाच्या कट्ट्यावर जाऊन डोळ्यांदेखत म्हशीची धार काढून घेतात, कारण जगात सगळेच भेसळ करतात.

आज दुपारी त्यांच्याकडे गेलतो, तर कॉम्प्युटरवरचा बाण आपोआप फिरत होता आणि मामा कौतुकानं बघत बसलेले. स्क्रीनवर म्हणे 'व्हायरस आलाय, या नंबरला फोन करा' असं आलं. यांनी केला. पलीकडच्यानं सांगितलेलं ॲप घेतलं आणि अख्खा कॉम्प्युटर त्याच्या हवाली केला. आधार, पॅन, बँकेचा पासवर्ड, सगळं त्यातच.

मी इंटरनेटची वायर उपटली, तर माझ्यावरच उखडले. "आरं, अर्धा व्हायरस निघालता की! लई गोड बोलत हुता बिचारा."

तेव्हापासून बँकेला कळवत, पासवर्ड बदलत आम्ही घाम गाळतोय. आणि हे शहाणे संध्याकाळी कट्ट्यावर गवळ्याला दरडावतायत, "आदी बादली उपडी करून दाखव. माझा कुणावर इश्वास न्हाय."

तुमच्याही घरात असला चौकस माणूस आहे का? असेल तर बादली राहू दे, आधी त्याच्या कॉम्प्युटरवर कोण बसलंय ते बघा.